खिडकीतून दिसणारा कोपरा

गवतेमामांचं खरं आडनाव काय, हे क्लबात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मामांनीही ते सांगायची कधी तसदी घेतली नाही. फुटबॉलच्या मैदानाचं गवत राखणारे ते गवतेमामा आणि त्यांची बायको ती मामी, एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्यांवर दोन खोल्यांचं त्यांचं घर होतं. बाहेर लोखंडी जिना, आणि जिना उतरलं की सरळ मैदान. लग्न झाल्यावर मामीच्या आईनं तिला विचारलं होतं, सासरी कसं काय आहे म्हणून. तेव्हा ती म्हणाली होती, "नवरा बरा आहे, पण सवत फार मोठी आहे. या गोलपासून त्या गोलपर्यंत."

पुढं त्या सवतीशी मामीचं चांगलंच जमलं. न जमून सांगते कुणाला? मामा सकाळी चहाच्याही आधी अनवाणी मैदानात उतरायचे, एक फेरी मारायचे आणि वर येऊन सगळी बातमी द्यायचे. डाव्या गोलसमोर माती घट्ट झालीय, झाडाखाली शेवाळ धरतंय, काल रात्री मैदानात कुत्रं लोळून गेलंय. मामी पोळ्या लाटता लाटता हूं हूं करायची. ऐकून ऐकून तिलाही अर्धं शास्त्र आलं होतं, पण ते आपल्याला आलंय याचा तिला पत्ता नव्हता.

असा हा माणूस सारा जन्म ओल्या गवतावरून चालला आणि कधी घसरला नाही. घसरला तो स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्टुलावर चढून बल्ब बदलताना. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आले ते पाय दगडासारखा बांधून, आणि त्यांना जिन्यावरून वर न्यायला क्लबातले चार बचावपटू लागले. खिडकीजवळच्या खाटेवर मामा पडले आणि मैदान पोरकं झालं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं नेमकं त्याच वेळी पाणीखात्याचं फर्मान आलं. धरणाचा तळ दिसायला लागला होता. बागांना आणि मैदानांना आठवड्यातून एकदाच पाणी घालायचं, जास्त घातलं तर जोडणी तोडणार. घरातलं वापरून झालेलं पाणी कुणी झाडांना घातलं तर त्याला मात्र ना नव्हती.

मामांची विचारपूस करायला क्लबाच्या चिटणीसबाई आल्या. पिशवीतून त्यांनी आधी फळं काढली आणि मग प्लास्टिकच्या गवताचा एक चौकोनी तुकडा. बाई वाईट नव्हत्या. लोक रांगेत बादल्या घेऊन उभे असताना आपण गवत भिजवायचं, हे त्यांच्या मनाला टोचायचं, आणि मनाला टोचलेलं त्या पोटात ठेवत नसत.

"हे बघा मामा," त्या म्हणाल्या. "याला पाणी नको, कापणी नको, पिवळं पडायचं भय नको."

मामांनी तुकड्यावरून बोटं फिरवली, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"याला वास नाही," ते म्हणाले.

"वास कशाला हवा मामा? चेंडू तर नीट पळतो ना?"

मग त्यांनी अडखळत, पण स्पष्टच सांगितलं. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्या आणि अध्यक्ष मैदान बघायला येणार होते. गवत तगलं तर प्रश्न नाही. मेलं, तर ते काढून प्लास्टिक घालायचं, असं क्लबानं ठरवलं होतं. प्लास्टिकला राखणदार लागत नाही, हे त्या बोलल्या नाहीत. पण ते खोलीतल्या तिघांनाही ऐकू आलं.

तसं झालं असतं तर लेकीकडे जाता आलं असतं. लेक मायेची होती, जावई सज्जन होता, आठव्या मजल्यावरच्या त्यांच्या बाल्कनीत तीन कुंड्यासुद्धा होत्या. घराचं मामीला एवढं वाटत नव्हतं. चार भांडी मांडली की कुठंही घर होतं. पण मैदान नसलेले मामा कसे दिसतील, हे तिला काही केल्या डोळ्यांपुढं आणता येईना. दिसायचे ते आठव्या मजल्यावर तीन कुंड्यांभोवती अनवाणी फेरी मारणारे मामा.

तेव्हा मामीनं पदर खोचला आणि पाइप हातात घेतला. खाटेवरून हुकूम सुटायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते त्या दिवसांत त्या घरात येऊन बघावं.

"अगं, रोज शिंपडायचं नाही," मामा म्हणाले. "एकदाच, पण वीतभर खोल मुरेल असं घालायचं."

"आणि मधले दिवस?"

"मधले दिवस त्यानं उपाशी राहायचं."

"उपाशी?" मामीच्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं. मांजरसुद्धा नाही.

"वरची माती सुकली की मुळं पाण्याच्या मागं खाली खाली जातात. रोज वरच्यावर मिळालं तर कशाला जातील? तुझा भाऊ नाही का? आईनं सगळं हातात आणून दिलं, म्हणून अजून त्याला साधा चहा करता येत नाही."

"माझ्या भावाला मध्ये आणू नका. पाणी पुरेसं मुरलं हे मला कसं कळणार?"

"स्क्रू ड्रायव्हर खुपस. मुठीपर्यंत लोण्यात गेल्यासारखा गेला तर पुरे. अडला तर अजून घाल. आणि कापायच्या मशीनचं पातं वर घे, गवत उंच ठेव. उंच गवत आपल्याच मुळांवर सावली धरतं. खत बिलकूल नको. आणि पोरांना म्हणावं, सराव रस्त्यापलीकडच्या पटांगणात करा."

मामी सगळं तसंच करायची. पाणी घालायच्या दिवशी ती तांबडं फुटायच्या आधी उठायची. पाइप जिथं गळायचा तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, फवारा एका जागी लावून त्याची टिकटिक ऐकत बाकावर बसायची आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन मैदानभर वाकत फिरायची. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलंही, "बाई, काही हरवलंय का?" मामी म्हणाली, "नाही, जमिनीचा ताप बघतेय."

ऊन चढत गेलं. गवत आधी निळसर राखाडी झालं. त्यावरून चाललं की पावलांचे ठसे तसेच राहायचे, पाती पुन्हा उभी राहायची नाहीत. मग हळूहळू सगळं मैदान वाळल्या कडब्याच्या रंगाचं झालं. मामीच्या तोंडचं पाणी पळालं. ती धापा टाकत जिना चढून वर आली.

"अहो, गेलं सगळं. पिवळं पडलं."

"झोपलंय ते," मामा निवांतपणे म्हणाले. "पाणी कमी आहे हे त्याला कळलं. वरचा पसारा आवरून ते बुडाशी जाऊन बसलंय. झोपलेल्याला मेलेला समजून रडू नकोस. तू आपला आठवड्याचा नेम मोडू नकोस."

हे सगळं ते बोलले खरं, पण तोवर त्यांच्या डोळ्यांना काही दिसलं नव्हतं. खाटेवरून मैदानाचा एकच कोपरा दिसायचा. चार चादरी अंथरल्या तर झाकला जाईल एवढा तुकडा आणि त्यात कोपऱ्यातल्या झेंडीची काठी. बाकीचं मैदान प्रेक्षकांच्या बाकांवरच्या पत्र्याआड होतं. हा कोपरा इमारतीच्या सावलीत असल्यानं सगळ्यात शेवटी पिवळा पडला. पण पडला. आणि दुसऱ्याला ठणकावून सांगितलेलं शहाणपण मामांना स्वतःला काही पचेना.

पानातली पोळी अर्धी उरायला लागली. पायाचं प्लास्टर तोवर निघालं होतं आणि दवाखान्यानं व्यायाम दिले होते. पाय उचला, मोजून धरा, सोडा. मामी आठवण करायची आणि मामा म्हणायचे, "उद्या बघू." एके दिवशी दुपारी ती खोलीत आली तर मामा खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते. भिंतीचा पोपडा बघत होते.

मामी स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पातेल्यात भाजी धुतलेलं पाणी होतं, मोरीत बादलीभर, कपडे शेवटचे खळबळल्याचं पाणी होतं. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या. बातम्या सुरू असताना मामांना बाकीचं जग नसायचं. मामीनं एका हातात पातेलं आणि एका हातात बादली घेतली, जिना उतरली, आणि दोन्ही त्या कोपऱ्यात रिकामं केलं.

मग ती रोज जायला लागली. आपण चुकतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. आठवड्यातून एकदा पोटभर, हे जिनं कानांनी ऐकलं तिचेच हात रोज वाटीवाटी पाजत होते. पण हातांचं म्हणणं वेगळं होतं. पडलेल्या माणसाला घोटघोट पाजत राहायचं, एवढं एकच त्यांना आयुष्यभर येत होतं. मैदान त्यांचं, कोपरा माझा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि एवढ्याशा पाण्यानं काय बिघडणार, अशी वर समजूतही घातली.

पी हळद अन् हो गोरी असं गवताचं होत नाही. पण थोड्याच दिवसांत कोपऱ्यावर हिरवी झाक आली, आणि मग तो असा तरारला की पिवळ्या मैदानाच्या कडेला कुणी पोपटी रुमाल विसरून गेलंय असं वाटावं.

"बघ!" मामा उठून बसत म्हणाले. "म्हणालो नव्हतो? आठवड्यातून एकदा. खोल."

"तुमचं काही चुकतं का कधी," मामी म्हणाली आणि पानात आणखी एक पोळी वाढली. ती त्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता पाय उचलला. मग खिडकीचे गज धरून उभे राहिले, नीट दिसावं म्हणून. मग खिडकीपासून दारापर्यंत काठीनं, मग दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, मामीच्या कामात लुडबुड करायला. मामीला इतका आनंद झाला होता की तिनं ती लुडबुडही चालवून घेतली. फोनवर लेकीला म्हणाली, "अगं, तुझ्या बापाला औषध सापडलं. घरचंच आहे."

मामांना बघायला अध्यक्ष आले. ते दातांचे डॉक्टर होते. दवाखाना सोडून घाईत आले होते आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची त्यांना सवय होती. सोबत चिटणीसबाई. मामांनी अध्यक्षांना खिडकीशी नेलं.

"वा, मामा! गालिचाच की हा," डॉक्टर म्हणाले.

"काहीतरीच काय?" चिटणीसबाई म्हणाल्या. "मी रस्त्याच्या अंगानं चालत आले. पाचोळा झालाय सगळा."

"बाई, मी माझ्या डोळ्यांनी बघतोय."

"मग मी काय शेजारणीच्या डोळ्यांनी बघितलं?"

आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसे दोघे भांडले आणि दोघेही खरंच बोलत होते. मामी मूग गिळून चहा गाळत राहिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, ठरल्या दिवशी मैदानातच उतरून बघू, आणि खारी चहात बुडवून त्यांनी विषय संपवला.

त्यानंतर पाणीखात्यानं मैदानांचं पाणी पुरतंच बंद केलं. घरचे नळही दिवसाआड आले, तेही रडत रडत. आता धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं मोरीला, अशी त्याची वाट ठरून गेली. भाजी धुतलेल्या पाण्यात मामी हात धुवायची. कोपऱ्याला द्यायला थेंबही उरेना. ऊन तर असं होतं की लोखंडी जिन्याच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती.

बाकीचं मैदान जसं होतं तसंच राहिलं. कडब्याच्या रंगाचं, गप्प, जणू त्याला कुणी काही विचारलंच नाही. कोपरा मात्र कोसळला. आधी मान टाकली, मग करडा झाला, मग वाऱ्यानं त्याची पाती भुगा होऊन उडायला लागली आणि खालची माती दिसली. लाडावलेल्या पोरावर पहिलाच प्रसंग यावा, तसं झालं त्याचं.

मामा रोज गजांना धरून बघत होते. एके दिवशी ते वळले आणि शांतपणे म्हणाले, "चिटणीसबाईंना कळव. म्हणावं, येण्याची तसदी घेऊ नका. प्लास्टिक मागवा."

"अहो, असं काय?"

"सगळ्यात जोमदार होतं तेच गेलं. मग त्या पत्र्यामागं काय उरलं असणार? लेकीलाही फोन कर. खोली आवरून ठेव म्हणावं."

"तुम्ही खाली उतरून तर बघा. आता काठीनं जिना जमेल तुम्हाला."

"मेलेलं बघायला कशाला उतरू?" मामा म्हणाले आणि खाटेवर बसले.

मामीला आता खरंच रडू आलं, आणि ते स्वतःच्याच हातांच्या करणीचं आलं. अति तिथं माती, हे तिच्या आईचं आवडतं बोलणं होतं, आणि इथं तर खरोखरच माती झाली होती. ती उठली, जिन्याखालून खुरपं घेतलं आणि भर दुपारी मैदानाच्या मधल्या वर्तुळात जाऊन बसली. पृष्ठभाग विटेसारखा कडक. ती खणत गेली, खणत गेली, पण मुळांचा शेवट येईना. पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं खाली गेली होती, आणि खाली, पार खाली, माती हाताला चक्क गार लागत होती. आणखी तीन जागी उकरून बघितलं, तिथंही तेच. मग तिनं वर्तुळातला जमेल तेवढा गड्डा अलगद उचलला, वर आणला, स्टीलच्या ताटात ठेवला आणि जेवण वाढावं तसा मामांपुढं सरकवला.

मामांनी चष्मा लावला. मुळांना हात लावून ती ताटावर सरळ केली. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत भरली, आणि ती तर मध्येच तुटलेली होती. मग त्यांनी एका काडीच्या बुडाशी नख लावून वाळकं साल सोललं. आत पांढरं, रसदार, जिवंत होतं.

"हे कुठलं?"

"मधल्या वर्तुळातलं."

"सगळीकडे असंच आहे?"

"चार ठिकाणी बघितलं. असंच आहे."

मामांनी गड्डा ताटातच फिरवून सगळीकडून बघितला. मग म्हणाले, "तर मग कोपरा का गेला?"

मामी ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "कोपऱ्याला मी रोज पाणी घालत होते," ती म्हणाली. "भाजी धुतलेलं, धुण्याचं. तुम्ही बातम्या ऐकायचात तेव्हा."

"कधीपासून?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत तेव्हापासून."

मामांनी चष्मा काढून ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं हे मामीला पक्कं माहीत होतं. ते आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले. भिंतीकडे नाही आणि खिडकीकडेही नाही, त्यामुळे तिला काही अंदाजच लागेना. "ताट उचल" एवढंच म्हणाले. उभा जन्म गवतात घालवलेल्या माणसाला आपण एका पातेल्यानं फसवलं, आणि फसलेला तो त्याचीच फुशारकी अध्यक्षांपुढं मारून बसला, हे मामीला जेवतानाही गिळवेना. फोन मात्र तिनं कुणालाच केला नाही, आणि मामांनीही पुन्हा विचारलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मामांनी दाढी केली, मैदानात घालायची जुनी पँट मागितली आणि काठी घेतली. एक पायरी, थांबा, एक पायरी, असं करत ते जिना उतरले. मागून मामी खुर्ची घेऊन, कारण आधार देऊ का असं विचारायचा धीर तिला होत नव्हता. खाली आल्यावर मामांनी चपला काढल्या. वाळकी काडी तळपायाला टोचली तशी त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला की मामीनं दुसरीकडे बघितलं.

डॉक्टर आणि चिटणीसबाई फाटकातून आल्या आल्या बाईंनी हात पसरून सगळं मैदान दाखवलं. "बघा. मी काय वेगळं सांगत होते?"

"डॉक्टर, जरा उपटून बघा," मामा म्हणाले.

डॉक्टर उकिडवे बसले. सवयीनं बाह्या वर केल्या, दोन बोटांत एक झुबका धरला, आधी थोडा डावीकडे उजवीकडे हलवला आणि मग ओढला. वरच्या काड्या तुटून हातात आल्या. बूड जागचं हललं नाही. त्यांनी दुसरा झुबका धरला. त्याचंही तेच. त्यांच्या चेहऱ्यावर कामाची गंभीर कळा आली.

"हे पक्कं आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे असं कुणी आलं, तर मी काढायला हात लावणार नाही."

चिटणीसबाई ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पर्स मामीच्या हातात दिली, वाकल्या आणि दोन्ही हातांनी ओढलं. काड्या तुटल्या आणि बाई मागं बदकन बसल्या. बसल्या जागी त्यांना हसू आलं, आणि मग सगळेच हसले. मामांनी खुरप्यानं थोडं उकरून पांढरं बूड दाखवलं, खालची मुळं दाखवली. पाणी सुटलं की हे उठेल, एवढंच सांगितलं, जास्त काही नाही. बाईंनी मुळं बोटांनी चाचपून बघितली आणि मान हलवली.

पण त्या कोपऱ्यापर्यंत गेल्याच. तिथं त्यांनी नुसतं बोट लावलं तर गवताचा वाळका थर जुन्या सतरंजीसारखा उचलून आला. खाली मुळं होती, बोटाच्या पेराएवढी, सगळी वरच्यावर अडकलेली.

"आणि हे हो? हे तर हिरवंगार होतं ना डॉक्टर, तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं?" बाईंनी थर उलटा करून बघितला. त्या हुशार होत्या. "इथं कुणीतरी रोज पाणी घातलंय. एवढ्या टंचाईत. आणि फुकट गेलं की सगळं."

मामीनं तोंड उघडलं. पण मामा तिच्या आधी बोलले.

"फुकट नाही गेलं."

"फुकट नाही कसं? गवत तर मेलं."

"ते पाणी गवताला नव्हतंच बाई," मामा म्हणाले. "ते मला घातलं होतं हिनं." आणि त्यांनी काठी जमिनीवरून जराशी उचलून दाखवली. "मी जिना उतरून आलो ना, तो त्याच पाण्यावर."

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. चिटणीसबाईंनी मामीकडे बघितलं, हातातला थर होता तिथं नीट परत ठेवला, जणू तो पुन्हा रुजणार होता, आणि हात झटकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाद घालावासा वाटला नाही. "पाणी सुटेपर्यंत थांबू," त्या म्हणाल्या. "प्लास्टिक काय, कुठं पळून जातंय?"

पाणी सुटलं तेव्हा मामीनं फवारा लावला, आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत जाईस्तोवर हलवला नाही. आठवडाभरात कडब्यातून पोपटी टोकं डोकावली आणि बघता बघता मैदान या गोलपासून त्या गोलपर्यंत उठून बसलं. नवा हंगाम त्याच्यावरच सुरू झाला. प्लास्टिकचा तो चौकोन मामीनं दाराबाहेर पाय पुसायला टाकला. चिटणीसबाई यायच्या असल्या की तेवढा उचलून ठेवते.

कोपरा मात्र बोडकाच राहिला होता. सामने नसलेल्या एका सकाळी मामा तिथं बुटकं स्टूल टाकून बसले. मैदानाच्या कडेनं काढलेल्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या होत्या, त्या एकेक करून मातीत खोचत होते. मामी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. त्या कोपऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही, असा तिनं कानाला खडा लावला होता.

"अगं, उभी काय राहिलीस?" मामा मान वर न करता म्हणाले. "तुझं पातेलं कुठं आहे?"

"आता कशाला ते?"

"नव्यानं लावलेल्याला अजून मुळं नाहीत. त्याला रोज पाणी लागतं. थोडं थोडं, वरच्यावर."

"आठवड्यातून एकदा, पोटभर, ते?"

"ते मग. आधी जीव तर धरू दे त्याला."

"किती घालू?"

मामांनी हातातली काडी खोचली, माती अंगठ्यानं दाबली आणि तिच्याकडे बघितलं. "ते मी तुला काय सांगणार," ते म्हणाले. "तुझ्या हाताला माहीत आहे."

मामी वर गेली. ओट्यावर भाजी धुतलेलं पाणी तसंच होतं. पातेलं दोन्ही हातांनी धरून ती जिना उतरली, आणि या वेळी बातम्या लागायची वाट बघितली नाही.